जर्मन शिष्टाचार : मायदेशी परतणाऱ्याच्या नजरेतून

प्रास्ताविक

समाजात वावरताना आपण जे संकेत पाळतो, त्यांना शिष्टाचार म्हणतात. दारी आलेल्याला प्रथम पाणी देणे, वडीलधाऱ्या माणसांना 'अहो' म्हणणे, निरोप घेताना 'जातो' असे न म्हणता 'येतो' असे म्हणणे, हे संकेत आपण कोणत्याही पुस्तकातून शिकलेलो नसतो. घरात लहानपणापासून जे दिसते, तेच अंगवळणी पडते. त्यामुळे आपले शिष्टाचार आपल्याला सहसा जाणवत नाहीत. परक्या समाजात जाऊन राहिल्यावर ते जाणवू लागतात, आणि काही वर्षांनी मायदेशी परतताना तर अधिकच तीव्रतेने जाणवतात. जर्मनीत राहणारा एखादा मराठी माणूस सुटीसाठी दिल्लीच्या विमानात बसतो, तेव्हा त्याच्या मनात या दोन रीतींची तुलना कशी सुरू होते आणि त्या तुलनेतून काय शिकण्यासारखे आहे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला :
• जर्मन समाजातील प्रमुख शिष्टाचार सांगता येतील;
• जर्मन व मराठी भाषांतील आदरार्थी रूपांची तुलना करता येईल;
• एखाद्या रीतीमागील कारण शोधून तिचे मूल्यमापन करता येईल;
• शिष्टाचार आणि माणुसकी यांतील फरक स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

१. जुने नाते, नवा प्रवास

मराठी माणसाने जर्मनीला जाणे ही काही आजची गोष्ट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२१ मध्ये बॉन येथील विद्यापीठात आपले नाव नोंदविले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला गेल्या आणि तेथे त्यांनी मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्या काळी हा प्रवास बोटीने होत असे. आज फ्रँकफर्ट ते दिल्ली हे सुमारे सहा हजार किलोमीटरचे अंतर विमान साधारणपणे आठ तासांत कापते.

जाणाऱ्यांची संख्याही पुष्कळ वाढली आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये हा सर्वांत मोठा गट होता. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला व त्यावर दिल्लीतच सह्या झाल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल कामगार पाठविण्याबाबत करार केला. म्हणजे आता केवळ विद्वान व अभियंतेच नव्हे, तर परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, स्वयंपाकी अशा अनेकांसमोर हा देश एक शक्यता म्हणून उभा आहे. दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर नवीन महाराष्ट्र सदन आहे आणि जर्मन भाषा शिकविणारे मॅक्सम्युलर भवनही त्याच मार्गावर आहे. जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्याला भाषा तर शिकावी लागतेच. परंतु भाषेबरोबर तेथील रीतभातही शिकावी लागते.

२. शेजारच्या आसनावरील माणूस

फ्रँकफर्टहून दिल्लीला निघालेल्या विमानात या दोन्ही रीती एकाच वेळी पाहावयास मिळतात. समजा, आपल्या एका बाजूस जर्मन गृहस्थ बसले आहेत. ते आसनावर बसताना अभिवादनाचा एक शब्द उच्चारतात आणि मग पुस्तक उघडतात. जेवण समोर आले की 'गूटेन आपेटिट' म्हणतात. म्हणजे आपले जेवण आपणांस रुचकर लागो. आसनाची पाठ मागे झुकविण्यापूर्वी मागच्या माणसाच्या हातात चहाचा पेला नाही ना, हे वळून पाहतात. विमान उतरले की 'आउफ वीडरझेएन' म्हणून निघून जातात. आठ तासांत त्यांनी आपल्याला नावही विचारलेले नसते.

दुसऱ्या बाजूस आपल्याकडच्या एक आजी बसल्या आहेत. 'कुठले तुम्ही?' येथून सुरुवात होते. अर्ध्या तासात आपले गाव, नोकरी, पगार, लग्न, मुले या सर्वांची विचारपूस होते. मग पिशवीतून लाडूंचा डबा निघतो आणि 'घ्या हो, घरचे आहेत' असा आग्रह सुरू होतो. उतरताना त्या आपल्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक देतात आणि 'घरी या' असे मनापासून सांगतात.

जर्मनीत नुकत्याच गेलेल्या माणसाला पहिल्या गृहस्थांचे मौन तुसडेपणाचे वाटते. बरीच वर्षे तेथे राहिलेल्याला आजींचे प्रश्न आगाऊपणाचे वाटू लागतात. वस्तुतः दोघेही सौजन्यानेच वागत असतात. दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात न विचारता शिरू नये, हे जर्मन सौजन्य होय. प्रवासात कोणाला एकटे वाटू देऊ नये, हे आपले सौजन्य होय. हेतू समजला की रागाचे कारण उरत नाही.

३. 'झी' आणि 'डू'

इंग्रजीत समोरच्या माणसासाठी एकच सर्वनाम पुरते. जर्मन भाषेचे तसे नाही. तेथे परक्या किंवा आदरणीय व्यक्तीस 'झी' आणि जवळच्या व्यक्तीस 'डू' म्हणतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपल्याकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशी तीन रूपे आहेत. 'झी' हे रूप मुळात 'ते' या अनेकवचनी सर्वनामाचेच आहे. आपणही एकाच गुरुजींबद्दल 'गुरुजी आले, ते बसले' असे अनेकवचनात बोलतो. दोन दूरच्या समाजांनी आदर व्यक्त करण्यासाठी अनेकवचनाचाच आधार घेतला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे 'अहो-जाहो करणे' आणि 'अरे-तुरे करणे' असे वाक्प्रचार आहेत. जर्मनमध्येही या दोन प्रकारे बोलण्यासाठी 'झीत्सेन' आणि 'डुत्सेन' अशी स्वतंत्र क्रियापदे आहेत. देवाला आणि आईला आपण 'तू' म्हणतो, तसेच जर्मन माणूसही म्हणतो.

'झी'वरून 'डू'वर येणे ही तेथे विचारपूर्वक होणारी गोष्ट असते. सामान्यतः वयाने किंवा अधिकाराने मोठी असलेली व्यक्ती तसे सुचविते. धाकट्याने परस्पर 'डू' म्हणणे अशिष्ट समजले जाते. अलीकडे तरुण मंडळींत व अनेक कार्यालयांत सुरुवातीपासूनच 'डू' वापरण्याची प्रथा वाढली आहे. परंतु सरकारी कचेरीत, दवाखान्यात वा बँकेत 'झी'च चालते.

भेद एका ठिकाणी मात्र स्पष्ट दिसतो. जर्मनीत कचेरीची झाडलोट करणाऱ्या प्रौढ स्त्रीलाही 'झी' असेच संबोधतात आणि तिच्या आडनावाआधी 'फ्राउ' हा शब्द लावतात. त्याच कचेरीच्या व्यवस्थापक बाईंनाही 'फ्राउ'च म्हणतात. पूर्वी अविवाहित स्त्रीसाठी 'फ्रॉइलाइन' असा वेगळा शब्द होता. पुरुषांच्या बाबतीत विवाहित-अविवाहित असा भेद होत नसताना तो स्त्रियांच्या बाबतीत का करावा, या आक्षेपामुळे १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने सरकारी कामकाजातून तो शब्द वगळला.

आपल्या भाषेत आदराची रूपे अधिक आहेत. परंतु ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाहीत. साठीच्या रिक्षाचालकाला विशीतला तरुण 'तू' म्हणतो. दिल्लीच्या चहाच्या टपरीवर काम करणाऱ्या मुलाला तर नावही नसते; तो सर्वांचा 'छोटू' असतो. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना 'मावशी' म्हटले जाते, हे चांगलेच. पण त्यांच्या हाती चहाचा पेला निराळा दिला जात असेल, तर त्या नात्याच्या शब्दाला काय अर्थ राहिला? मायदेशी परतणाऱ्या माणसाला खटकणाऱ्या गोष्टींपैकी ही सर्वांत गंभीर गोष्ट आहे, आणि ती त्याने बोलून दाखविली तर तिचा राग मानण्याचे कारण नाही.

पाठगत प्रश्न १

(अ) जर्मन गृहस्थांचे मौन आणि आजींची विचारपूस यांमागील हेतू कोणते?
(आ) 'झीत्सेन' आणि 'डुत्सेन' या क्रियापदांना मराठीत कोणते वाक्प्रचार जवळचे आहेत?
(इ) 'फ्रॉइलाइन' हा शब्द सरकारी कामकाजातून का वगळण्यात आला?

४. होकार, नकार आणि आभार

'चहा घेणार ना?' असे विचारल्यावर 'नको, नको, कशाला उगाच!' असे म्हणण्याची आपली पद्धत आहे. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असते. तो आधण ठेवूनच विचारतो. जर्मन घरी मात्र पहिला नकार हाच अंतिम नकार समजला जातो. 'नको' म्हणणाऱ्या पाहुण्याला पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणे, असे ते मानतात. त्यामुळे नवखा भारतीय पाहुणा संकोचाने 'नको' म्हणतो आणि उपाशीपोटी घरी परततो. मायदेशी आल्यावर नेमके उलटे घडते. पोट भरल्यामुळे तो खरोखरच 'नको' म्हणतो, आणि पानात आणखी एक पोळी पडते.

कामाच्या ठिकाणीही हाच भेद आहे. 'बघू', 'करू या', 'प्रयत्न करतो' या शब्दांत आपण पुष्कळदा नकार गुंडाळून देतो. समोरच्याचे मन दुखवू नये, हा त्यामागील उद्देश असतो. जर्मन सहकारी 'नाइन' म्हणजे 'नाही' असे सरळ सांगतो. ते प्रथम कठोर वाटते. परंतु त्यामुळे दुसरा माणूस खोट्या आशेवर राहत नाही. काम वेळेत होणार नसेल तर तसे आधीच सांगणे, हा तेथे सौजन्याचाच भाग मानला जातो.

आभार मानण्याची रीतही वेगळी आहे. 'डांके' म्हणजे आभारी आहे आणि 'बिट्टे' म्हणजे कृपया, हे दोन शब्द तेथे दिवसभर कानावर पडतात. 'बिट्टे' या एकाच शब्दाचे 'कृपया', 'आभार कसले!', 'हे घ्या', 'काय म्हणालात?' असे अनेक अर्थ होतात. आई मुलाला आणि पती पत्नीलाही 'डांके' म्हणतो. परदेशातून आलेला मुलगा जेवणाचे ताट घेताना आईला 'थँक यू' म्हणतो, तेव्हा मात्र ती दचकते. आपल्याकडे आभार परक्यांचे मानतात; घरच्यांचे मानले तर नाते दुरावल्यासारखे वाटते. मुलाच्या मनात कृतज्ञता असते आणि आईच्या मनात दुरावा उमटतो. अशा वेळी ताट स्वच्छ करून उठणे आणि 'आमटी छान झाली होती' असे सांगणे, हे तिला समजणारे आभार होत.

निरोपाच्या शब्दांत मात्र दोन्ही भाषा एकत्र येतात. 'आउफ वीडरझेएन' याचा अर्थ 'पुन्हा भेटेपर्यंत' असा आहे. दूरध्वनीवर बोलताना पाहणे होत नाही, म्हणून तेथे 'आउफ वीडरहोरेन', म्हणजे 'पुन्हा ऐकेपर्यंत' असे म्हणतात. आपल्या 'येतो' या शब्दातही पुन्हा भेटीचेच आश्वासन आहे.

५. वेळ आणि शांतता

जर्मन माणूस वेळ पाळतो, अशी त्याची ख्याती आहे. सकाळी दहाची भेट ठरली असेल तर तो दहाला पाच मिनिटे कमी असतानाच येतो. उशीर होणार असेल तर आधी कळवितो. दुसऱ्याचा वेळ ही त्याची मालमत्ता आहे आणि ती परवानगीवाचून घेऊ नये, असा त्यामागील विचार आहे. परंतु प्रत्येक जर्मन गोष्ट वेळेवर होते, असे समजणे चुकीचे ठरेल. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच गाड्या वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडीही तेथे वेळेवर आली असेच धरतात. शिस्त ही एखाद्या समाजाच्या रक्तात नसते. ती सांभाळावी लागते आणि दुर्लक्ष झाल्यास ढासळते, हेच यावरून दिसते.

शांततेच्या बाबतीत तेथील संकेत अधिक कडक आहेत. सर्वसाधारणपणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करावयाचा नसतो. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. त्या दिवशी भिंतीला भोके पाडणे किंवा यंत्राने गवत कापणेही टाळावे लागते. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून सुरक्षित ठेवण्याची तरतूद १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होती आणि १९४९ च्या राज्यघटनेतही ती कायम ठेवण्यात आली.

अशा शांततेची सवय झालेला माणूस दिल्लीच्या रस्त्यावर येतो, तेव्हा भोंग्यांच्या आवाजाने त्याचे कान किटतात. जर्मनीत भोंगा मुख्यतः धोक्याची सूचना देण्यासाठीच वाजवावयाचा असतो. आपल्याकडे मालमोटारीच्या मागेच 'हॉर्न ओके प्लीज' असे लिहिलेले असते. म्हणजे भोंगा वाजविण्याची विनंतीच केलेली असते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ही अक्षरे लिहिण्यास बंदी घातली, कारण त्यामुळे विनाकारण भोंगे वाजविण्यास उत्तेजन मिळते, असे शासनाचे मत होते.

६. कोणी पाहत नसताना

रात्रीच्या वेळी रस्ता मोकळा आहे, एकही वाहन दिसत नाही, तरीही अनेक जर्मन पादचारी लाल दिवा असेपर्यंत थांबून राहतात. शेजारी लहान मूल असेल तर बहुतेक सगळेच थांबतात, कारण मोठ्यांचे पाहून मूल चुकीचे शिकेल. या नियमाचे पालन न करणाऱ्याला अनोळखी माणूसही टोकतो. हे टोकणे भारतीयांना फार लागते. पण तेथे ते नागरिकाचे कर्तव्य समजले जाते.

दुसरी एक रीत अधिक हृद्य आहे. २००३ पासून तेथे पेयांच्या एकदाच वापरावयाच्या अनेक बाटल्या व डबे यांवर २५ सेंटची अनामत घेतली जाते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात परत केली की ती रक्कम मिळते. काही गरीब व वृद्ध माणसे अशा बाटल्या गोळा करून थोडेफार पैसे मिळवितात. म्हणून पुष्कळ लोक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता पेटीच्या बाजूला उभी ठेवतात, जेणेकरून गोळा करणाऱ्याला कचऱ्यात हात घालावा लागू नये. यासाठी कोणताही कायदा नाही. घेणाऱ्याचे तोंड न पाहता त्याचा मान राखण्याची ही पद्धत आहे.

सगळेच काही आदर्श आहे, असे नव्हे. दुकानात पैसे देण्याची नवी खिडकी उघडली की रांगेत मागे असलेले लोक तेथेही घाईने पुढे घुसतात. सरकारी कचेरीतील तुटक बोलण्याचा अनुभवही अनेकांना येतो.

७. शिष्टाचार आणि माणुसकी

जर्मनीत शिष्टाचाराच्या पुस्तकाला 'क्निगे' म्हणतात. हे मूळ एका लेखकाचे नाव होय. आडोल्फ क्निगे यांनी १७८८ मध्ये माणसांशी कसे वागावे याविषयी एक ग्रंथ लिहिला. काटा-चमचा कसा धरावा, हा त्याचा विषय नव्हता. निरनिराळ्या स्वभावांच्या व स्थितींतील माणसांशी समंजसपणे कसे वागावे, हा त्याचा विषय होता. पुढे मात्र त्यांचे नाव जेवणाच्या मेजावरील नियमांशीच जोडले गेले.

बाह्य शिष्टाचार म्हणजे माणुसकी नव्हे, हे जर्मनीच्या इतिहासाइतके ठळकपणे क्वचितच कोणी दाखविले असेल. इरावती कर्वे बर्लिनमध्ये ज्या संस्थेत संशोधन करीत होत्या, तेथील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे पुरस्कर्ते होते. मानवी कवट्यांची मापे घेऊन इरावतीबाईंनी जो निष्कर्ष काढला, तो त्या कल्पनेला आधार देणारा नव्हता; तरीही त्यांनी तो तसाच मांडला. पुढे १९३३ ते १९४५ या नाझी राजवटीत लाखो ज्यूंची व इतरांची हत्या झाली. वेळ पाळणारे, नम्रपणे अभिवादन करणारे कितीतरी लोक त्या यंत्रणेत काम करीत होते.

त्या अनुभवानंतर १९४९ मध्ये तयार झालेल्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात मानवी प्रतिष्ठा अभंग असल्याचे म्हटले आहे. तेथील शहरांत चालताना पायाखाली पितळी पृष्ठाचे लहान चौकोनी दगड दिसतात. नाझींनी ज्यांना घरातून नेले, त्यांची नावे त्यांच्या घरासमोर अशा दगडांवर कोरलेली असतात. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या या कामातील एक लाखावा दगड २०२३ मध्ये बसविण्यात आला. नाव वाचण्यासाठी माणसाला थांबून वाकावे लागते.

८. दिल्लीत उतरल्यावर

युरोपातून येणारी बरीच विमाने दिल्लीत रात्री उशिरा उतरतात. इंदिरा गांधी विमानतळाच्या टर्मिनल तीनवर पारपत्र तपासणीच्या जागी भिंतीवर नृत्यातील हस्तमुद्रांची मोठी शिल्पे आहेत. ती ओलांडून माणूस बाहेर येतो, तेव्हा कठड्यापलीकडे नोएडाहून वा गुरुग्रामहून आलेले नातेवाईक थंडी-धुक्यात उभे असतात. 'मी टॅक्सीने येईन, तुम्ही जागू नका' असे त्याने कळविलेले असते. तरीही ते आलेले असतात. जर्मन हिशेबाने हा वेळेचा अपव्यय आहे. आपल्या हिशेबाने यालाच नाते म्हणतात. दोन्ही रीती जाणणाऱ्याने या वेळी घड्याळाकडे न पाहिलेलेच बरे.

दुसऱ्या दिवशी दिल्ली मेट्रोने प्रवास केला, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी या मार्गावर ही सेवा सुरू झाली. रस्त्यावर धक्काबुक्की करणारा तोच दिल्लीकर मेट्रोच्या फलाटावर कचरा टाकताना विचार करतो आणि वृद्धांना राखीव आसन बहुधा सोडून देतो. गर्दीच्या वेळी रेटारेटी होतेच. तथापि स्वच्छ जागा, स्पष्ट खुणा, वारंवार दिल्या जाणाऱ्या सूचना आणि वेळेवर येणारी गाडी यांचा वागण्यावर परिणाम होतो. पुढची गाडी चार मिनिटांत येणार, ही खात्री असली की माणूस धावत नाही. म्हणून 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' असे म्हणून मोकळे होणे योग्य नाही. जेथे व्यवस्था माणसाचा मान राखते, तेथे माणूसही व्यवस्थेचा मान राखू लागतो.

मायदेशी परतणाऱ्याने दोन चुका टाळावयास हव्यात. परदेशात जे पाहिले ते सर्व श्रेष्ठ मानून घरच्यांना सतत उपदेश करणे ही एक. आणि आपले ते सर्व चांगले असे म्हणून काहीच न शिकणे ही दुसरी. वेळ पाळणे, स्पष्ट 'नाही' म्हणणे, श्रम करणाऱ्याला 'तुम्ही' म्हणणे, या गोष्टी शिकण्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. तसेच अनोळखी प्रवाशासमोर डबा उघडणे, ही गोष्ट विसरण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही.

आपण काय शिकलात

• प्रत्येक समाजाच्या शिष्टाचारामागे काही हेतू असतो. तो समजल्याशिवाय त्या समाजाला उद्धट वा आगाऊ म्हणू नये.
• मराठीप्रमाणे जर्मन भाषेतही आदराची व जवळिकीची वेगळी सर्वनामे आहेत.
• आदराची भाषा समाजातील सर्व थरांना सारखी मिळाली पाहिजे.
• शिस्त जन्मजात नसते. चांगली व्यवस्था आणि सततचा सराव यांतून ती घडते.
• बाह्य शिष्टाचाराला माणुसकीची जोड नसेल, तर तो पोकळ ठरतो.

पाठान्त प्रश्न

१. जर्मन आणि मराठी समाजांतील आभार मानण्याच्या रीतींची उदाहरणांसह तुलना करा.
२. रिकामी बाटली कचरापेटीच्या बाजूला ठेवण्याच्या रीतीतून कोणते मूल्य व्यक्त होते, ते पाच-सहा ओळींत लिहा.
३. 'शिस्त ही एखाद्या समाजाच्या रक्तात नसते' हे विधान पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरात कोणाला 'तू' आणि कोणाला 'तुम्ही' म्हटले जाते, याचे एक आठवडा निरीक्षण करा आणि त्यामागील कारणांविषयी दहा ओळी लिहा.